वस्ताद मिळणे आणि वस्ताद जमणे



नांदगावला पहाटे पाचच्या सुमाराला मनमाड रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहा. माणसं दिसण्याच्या आधी पावलांचा आवाज येतो. मग अंधारातून एकेक पोर पुढं येतं. कुणाच्या पायात बरे बूट, कुणाच्या पायात मोठ्या भावाचे, एखादं अजून अनवाणी. ही सारी पोलीस भरतीची मंडळी. अलीकडच्या भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, अशी मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. या पोरांच्या मागून मोटारसायकलवर, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस येतो. त्याला सगळे ‘सर’ म्हणतात. पूर्वी गावात ज्याला आपण वस्ताद म्हणत होतो, त्याचाच हा आजचा अवतार. तालुक्याच्या गावी आता व्यायामाच्या जिम निघाल्या आहेत, तिथेही असाच एक सर असतो, त्याला ट्रेनर म्हणतात. नाव बदललं, काम तेच : दुसऱ्याच्या शरीराला वळण लावण्याचं.

मी शाळेत खेळाचा मास्तर होतो. त्यामुळे मुलाला अशा एखाद्या सरांकडे घालण्यापूर्वी आईबाप माझ्याकडे येतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, “गुरुजी, हे सर चांगले आहेत का?” मी पूर्वी पटकन ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत असे. आता मी उलट विचारतो, “कुणासाठी चांगले?” मंडळी गोंधळतात. चांगला तो सगळ्यांनाच चांगला, असं आपण धरून चालतो. लग्न जमवताना आपण छत्तीस गुण जुळतात की नाही ते पाहतो, पत्रिका चार ठिकाणी दाखवतो. पण पोटचं पोर वर्ष-दोन वर्षं रोज पहाटे ज्याच्या ताब्यात द्यायचं, त्याचा आणि पोराचा स्वभाव जमतो का, हे कुणी पाहत नाही. फी किती आणि मागच्या भरतीत किती पोरं लागली, एवढं विचारलं की चौकशी संपली.

जुन्या तालमीत हा प्रश्न इतका अडत नसे, कारण वस्ताद पोराला पहिले काही दिवस डाव शिकवतच नसे. माती उकरायला लावायचा, जोर-बैठका काढायला लावायचा, आणि आपण हौद्याच्या काठावर बसून नुसता पाहायचा. पोर चिडकं आहे की थंड, पडल्यावर लगेच उठतं की इकडंतिकडं बघतं, कुणी हसलं तर त्याला राग येतो की रडू येतं. अंगकाठीवरून डाव ठरायचा हे खरं, उंच पोराचा डाव वेगळा आणि बुटक्याचा वेगळा. पण तो डाव कसा शिकवायचा, रागावून की गोंजारून, चारचौघांत की एकट्याला बाजूला घेऊन, हे स्वभावावरून ठरायचं. सगळेच वस्ताद असे शहाणे होते असं नाही हं. नुसती काठी हाणणारेही पुष्कळ होते, आणि त्यांच्या हातून किती चांगली पोरं माती सोडून गेली त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

एक हकीकत सांगतो. ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण या नजरेनं ऐकली नसेल. १९८४ सालची गोष्ट. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर रमाकांत आचरेकर यांचा उन्हाळी क्रिकेटचा वर्ग चालत असे. तिथे अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला, सचिनला, घेऊन गेले. पोरगा घराजवळ टेनिसच्या चेंडूनं खेळलेला. त्याला जाळीत उभं केलं, आणि आचरेकर सर समोर उभे राहून पाहू लागले. झालं! पोराचे हातपाय आखडले. एक फटका धड बसेना. सरांना वाटलं, अजून लहान आहे, पुढं बघू. इथे कथा संपायची. पण भावाला भावाचा स्वभाव ठाऊक होता. त्यानं सरांना विनंती केली, तुम्ही निघून गेल्यासारखं करा आणि लांबून पाहा. सरांनी ते ऐकलं. ते दूर झाडाआड जाऊन उभे राहिले. आपल्याकडे कुणी पाहत नाही असं वाटल्याबरोबर पोराचा हात सुटला, आणि त्याला वर्गात घेण्यात आलं.

आता यात मोठेपणा कुणाचा? आपण म्हणतो पोराचा. थोडा भावाचा. पण मला विचाराल तर त्या दिवशीची खरी परीक्षा आचरेकर सरांची झाली, आणि ते पास झाले. मैदानावर दरारा असलेल्या माणसाला एक अनोळखी मुलगा सांगतो की, ‘तुमच्या नजरेनं माझा भाऊ बिचकतो, जरा आडोशाला जा’. आणि तो माणूस जातो! आपल्यातले किती मास्तर गेले असते? मी तरी माझ्या तिशीत गेलो नसतो. ‘माझ्यासमोर खेळता येत नाही तर सामन्यात काय दिवे लावणार?’ असं म्हणून मोकळा झालो असतो. आणि ते वाक्य वरवर खरंही वाटलं असतं.

याच आचरेकर सरांनी पुढं त्या पोराला सैल सोडलेलं नाही. स्कूटरवर मागं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेलं. सराव संपताना पोर दमलेलं असे, तेव्हा यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवत : जो याला बाद करील त्याचं नाणं, कुणालाच बाद करता आलं नाही तर याचं. म्हणजे या पोराला ईर्ष्या कशानं चढते ते सरांनी ओळखलं होतं. एकदा सरावाचा सामना चुकवून आपल्या शाळेचा दुसरा संघ खेळत होता तो सामना बघायला पोरगा वानखेडेवर गेला, तेव्हा सर कडक शब्दांत बोलले आणि कानाखाली एक बसलीही. दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवायला कशाला जातोस, लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असं खेळ, असा त्या बोलण्याचा आशय होता. मार देणं आज कुणी योग्य म्हणणार नाही; २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत ते बंदच केलं आहे, आणि झालं ते बरं झालं. माझा मुद्दा निराळा आहे. तोच शब्द, तोच राग पहिल्या दिवशी जाळीत आला असता तर पोर पुन्हा मैदानावर दिसलं नसतं. आधी झाडाआड उभं राहिलेल्या माणसाला नंतर रागावण्याचा अधिकार मिळाला. पोराला कळलं होतं की हा माणूस माझ्या बाजूचा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, विशेषतः आईबापांना. आचरेकर स्वतः वरच्या दर्जाचं क्रिकेट फारसं खेळलेले नव्हते. प्रथम दर्जाचा म्हणावा असा एकच सामना त्यांच्या नावावर आहे, तोही १९६३-६४ च्या हंगामातला. पण १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. तेव्हा सरांच्या भिंतीवर टांगलेली पदकं मोजून निर्णय घेऊ नका. स्वतः धावता येणं हे एक काम, आणि दुसऱ्याच्या पायात शिरून विचार करता येणं हे दुसरं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी वस्तीवरचा एक मुलगा माझ्याकडे सरावाला येत असे. आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, पोरगा आजीजवळ राहिलेला. पाय असे की हरणानं मान खाली घालावी. बोलणं मात्र फार कमी. मला वाटलं, याला जरा हलवलं पाहिजे. मी मैदानाच्या मध्ये उभा राहून शिट्टी फुंकायचो, नावानं ओरडायचो, ‘अरे चल, चल, झोपलास का!’ बाकीच्या पोरांना याची मजा वाटे, त्यांचा वेग वाढे. याचा मात्र दर आठवड्याला कमी होत गेला. मी आणखी ओरडायचो. त्याची वेळ मागं पडत चालली आहे हे वहीत माझ्याच हातानं लिहीत होतो, आणि दोष मात्र त्याच्या आळसाला देत होतो. एक दिवस तो आला नाही. मग आलाच नाही. मी म्हणालो, ‘दम नव्हता.’ मास्तर लोकांना हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

चार-पाच महिन्यांनी पाहतो तर पोरगा गावाच्या दुसऱ्या अंगाला, सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांच्या बरोबर पळतोय. पळतोय कसला, उडतोय! मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस त्या वाटेनं गेलो नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून हवालदारांना गाठलं आणि विचारलं, “काय केलंत हो याला?”

ते म्हणाले, “काही नाही गुरुजी. मी त्याच्या शेजारून पळतो. बोलत नाही.”

“मग शिकवता कधी?”

“तो विचारील तेव्हा. पहिला प्रश्न विचारायला त्यानं अकरा दिवस घेतले. हात कसे ठेवू, म्हणून विचारलं. तेव्हा सांगितलं.”

अकरा दिवस! मी अकरा मिनिटं गप्प राहिलो नसतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, नाहीतर हवालदार शहाणे आणि मास्तर मूर्ख एवढाच त्याचा अर्थ होईल. त्याच हवालदारांकडे एक मुलगी येत होती. चुणचुणीत, बडबडी, गोळा छान फेकणारी. ती महिनाभरातच कंटाळली. घरी जाऊन म्हणायची, “सरांचं माझ्याकडे लक्षच नाही. चुकलं तरी बोलत नाहीत, बरोबर आलं तरी बोलत नाहीत.” हवालदार त्यांच्या परीनं तिच्याकडे नीट पाहत होते, पण तिला ते पाहणं पोचत नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला माझ्याकडे आणलं. मी ओरडलो की ती हसायची, आणि पुढचा गोळा वीतभर लांब टाकायची. ज्या शिट्टीनं एकाचे पाय जड झाले तिनंच दुसरीचा हात हलका झाला. शिट्टी तीच, मीही तोच.

मोठ्या लोकांच्या चरित्रांतही ही नाडी सापडते. खाशाबा जाधव यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. कुस्ती लाल मातीतली. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले, तर तिथे माती नाही, गादी, नियमही वेगळे. तिथे त्यांना अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तयार केलं. बोली वेगळी, देश वेगळा, तरी त्या ऑलिम्पिकमध्ये खाशाबा सहावे आले. पुढं १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. मला यातून एवढंच दिसतं की जुळण्यासाठी एक गाव, एक जात, एक भाषा लागत नाही. आपल्याकडे सर निवडताना ‘आपला माणूस’ पाहण्याची फार खोड आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

आणि लांब कशाला, आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही घ्या. तिथले दत्तू भोकनळ. दुष्काळी मुलूख, विहिरी खोदण्याच्या कामावर गेलेला मुलगा. सैन्यात भरती झाला, पुण्याला आला, आणि त्याची उंची पाहून त्याला नाव वल्हवायला बसवलं. आता आपल्याकडच्या माणसाला एवढं पाणी एका ठिकाणी पाहायची सवय कुठली? भीती वाटायचीच, आणि त्याला ती वाटली. सैन्यातले प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याला घडवलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये नौकानयनात भारतातून तो एकटाच होता, आणि तेरावा आला. २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत आदल्या दिवशी एकट्याच्या शर्यतीत तब्येत बिघडून सर्वांत मागं पडला, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या नावेत बसून सुवर्णपदक घेऊन उतरला. पाण्याला भिणाऱ्याला ‘भित्रा’ म्हणून परत पाठवणारा कुणी भेटला असता, तर हे घडलं नसतं.

तिकडे पश्चिमेला हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. नाशिकला विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली ती वर्षानुवर्षं धावली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरात रौप्यपदक. पाड्यावरची मुलगी शहरातल्या मैदानावर येते, तेव्हा पायांच्या आधी तिचं मन तिथे टिकावं लागतं. जिथे मन टिकतं तिथेच माणूस इतकी वर्षं पळत राहतो.

पश्चिमेकडे आता या विषयाचा शास्त्रीय अभ्यास होतो. इंग्लंडमध्ये सोफिया जोवेट नावाच्या बाईंनी गुरू आणि खेळाडू यांच्या नात्यात तीन गोष्टी पाहिल्या : जवळीक, बांधिलकी आणि पूरकता. पहिल्या दोन आपल्याला चटकन कळतात. तिसरी नीट समजून घ्या. पूरक म्हणजे सारखा नव्हे. दोघेही तापट असले तर मैदानावर रोज भांडण. दोघेही अबोल असले तर कधी फार छान, कधी पार शुकशुकाट. एकानं सांगितलं की दुसऱ्यानं मोकळेपणानं करून पाहावं, आणि दुसऱ्यानं शंका काढली की पहिल्याला अपमान वाटू नये, असं ते आहे. हवालदार आणि वस्तीवरचा पोरगा यांचं जमलं ते दोघे अबोल होते म्हणून नव्हे, हवालदारांना थांबता येत होतं म्हणून.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे शहरात ठीक. तिथे दहा सर आहेत, एक नाही जमला तर दुसरा. आमच्या गावात मैदान एक आणि सर एक. निवड करायची कशातून? प्रश्न रास्त आहे. जिथे सर एकच, तिथे जुळवून घेण्याचं ओझं मोठ्या माणसानं उचलायचं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरानं आपला स्वभाव बदलून सरांना शोभेसा करावा ही अपेक्षा उफराटी आहे. सरांनी चार तऱ्हा शिकाव्यात. शेतकऱ्याला काळ्या जमिनीची आणि मुरमाड जमिनीची पाळी एकाच वेळी घालता येत नाही, वापसा पाहावा लागतो. हे आपल्या रक्तात आहे, फक्त मैदानावर आल्यावर आपण विसरतो.

आईबापांनी काय पाहावं? पहिले तीन आठवडे पोराला घरी आल्यावर ‘किती पळालास’ हे विचारू नका. ‘आज सरांना काय विचारलंस’ हे विचारा. काहीच विचारत नसेल, आणि महिना उलटला तरी विचारत नसेल, तर कुठंतरी अडलं आहे. सरांनी पोराची झोप, जेवण, जुनी दुखापत यांची चौकशी केली का ते बघा. डांबरी रस्त्यावर एकदम जास्त पळून पुष्कळ पोरांच्या नडग्या दुखतात. ज्या पोराचं सरांशी जमलेलं असतं ते पहिल्याच दिवशी सांगतं. ज्याचं जमत नाही ते लपवतं, लंगडत पळतं, आणि भरतीच्या तोंडावर घरी बसतं. स्वभाव जमणं ही काही लाडाची बाब नाही, हाड वाचण्याची आहे. आणि पहिल्या आठवड्यातच पावडरीचा डबा विकत घ्या म्हणणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही. तो विषय निराळा, आणि माझी जीभ घसरेल.

उलट बाजूही सांगायला हवी. दर पंधरा दिवसांनी सर बदलणारी पोरंही असतात. सरांनी दोन शब्द कडक बोलले की ‘आमचं जमत नाही’. त्यांना मी विचारतो, सर तुला रागावतात ते तुझ्या चुकीवर की तुझ्यावर? चुकीवर असेल तर गप्प बसून पळ. तुझ्यावर असेल, तुझ्या गरिबीवर, रंगावर, बापाच्या धंद्यावर असेल, तर त्याच दिवशी सोड. मुलींच्या बाबतीत तर आईनं एकदा तरी मैदानावर येऊन बसावं. सर चांगला असेल तर त्याला त्याचं काही वाटणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक अवघड गोष्ट सुचवतो, जी मला फार उशिरा जमली : आपल्याशी न जमणारं पोर स्वतः उठून दुसऱ्याच्या हाती नेऊन देणं. पोर गेलं की आपली किंमत कमी झाली असं वाटतं. खाजगी वर्ग चालवणाऱ्याची तर फीही जाते. पण त्या वस्तीवरच्या पोराला मी पहिल्या महिन्यातच हवालदारांकडे नेलं असतं, तर त्याची एक भरती वाचली असती. ती त्या साली हुकली. दुसऱ्या खेपेला तो लागला, पण ते एक वर्ष त्यानं आजीच्या औषधासाठी कांद्याच्या चाळीत हमाली केली. ते वर्ष माझ्या खात्यावर आहे.

आता हवालदार आणि मी मिळून एकच मैदान चालवतो. नवी मुलं आली की पहिले आठ दिवस कुणालाच काही शिकवत नाही. मुलं पळतात, एका टोकाला ते उभे असतात, दुसऱ्या टोकाला मी. माझी शिट्टी त्या आठ दिवसांत खिशात असते, हवालदारांनी तशी अटच घातली आहे. नवव्या दिवशी चहा घेता घेता आम्ही नावं वाटून घेतो. कधी एकाच नावावरून दोघांची वादावादी होते, तेव्हा त्या पोरालाच विचारतो. मागच्या खेपेला एका मुलीनं दोघांकडे नीट पाहून सांगितलं, “सकाळी हवालदार काका, संध्याकाळी तुम्ही.” सध्या तसंच चालू आहे.